स्थानकापासून दोन मिनिटांवर

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत कुणालाही 'इथे चांगले खायला कुठे मिळते?' असे विचारून पाहावे. उत्तरात पदार्थाच्या आधी अंतर येते. 'स्टेशनाबाहेर पडलात की समोरच', 'पूल उतरला की डाव्या हाताला', 'पश्चिमेला, दोन मिनिटांवर'. पुण्याचा माणूस पेठेचे नाव सांगतो, कोल्हापूरचा माणूस तालमीची किंवा देवळाची खूण सांगतो. आमच्याकडे मात्र सगळी मापे रेल्वे स्थानकापासून सुरू होतात आणि ती मिनिटांत सांगितली जातात. वर्षानुवर्षे लोकलच्या वेळापत्रकावर आयुष्य बेतलेल्या माणसांची ही भाषा आहे. पुढची गाडी सुटायला किती अवधी आहे आणि तेवढ्यात काय पोटात ढकलता येईल, या हिशेबावर आमची खाद्यसंस्कृती (हा शब्द मोठा आहे, पण तूर्त चालवून घेऊ) उभी राहिलेली आहे.

या गावांतल्या आवडत्या खाण्याच्या ठिकाणांच्या याद्या पुष्कळ होतात. त्यांतली बहुतेक नावे योग्यच असतात आणि काही या लेखातही येतील. परंतु अशा याद्या वाचताना मला नेहमी एक शंका येते. 'आवडते ठिकाण' ठरवायला मुळात तिथे थांबायला मिळावे लागते. ज्यांना थांबताच आले नाही, त्यांची आवडती ठिकाणे कोणती? या प्रश्नाकडे यायला थोडे वळण घ्यावे लागेल, कारण ही गावे स्थानकापेक्षा फार जुनी आहेत.

ठाणे आणि कल्याण ही दोन्ही मूळची बंदरे. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात, 'पेरिप्लस'मध्ये, कल्याणचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. श्रीस्थानक म्हणून ओळखले जाणारे ठाणे शिलाहारांच्या राजधानीचे गाव होते. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओडोरिक नावाचा एक इटालियन ख्रिस्ती साधू ठाण्याला आला. त्याच्या प्रवासवृत्तात या गावातल्या अन्नाच्या सुबत्तेची नोंद आहे: लोणी, तीळ आणि तांदूळ इथे विपुल मिळतो, असे तो सांगतो. आपल्याला ठाऊक असलेले ठाण्याचे हे बहुधा सर्वांत जुने खाद्यपरीक्षण असावे. लोणी, तीळ, तांदूळ हे तीन पदार्थ वाचले की मला आजच्या ठाण्यापेक्षा संक्रांतीच्या दिवशीचे एखादे आगरी किंवा कोळी घर आठवते. तो साधू जे जेवला असेल, त्याच्याशी नाते सांगणारे अन्न आजही इथे शिजते, फक्त ते हॉटेलांच्या पाट्यांवर सहसा दिसत नाही.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि १७३७ साली मराठ्यांनी ठाणे जिंकेपर्यंत इथे त्यांचा अंमल राहिला. १७३० साली त्यांनी बांधायला घेतलेला किल्ला पुढे तुरुंग झाला आणि आजही तुरुंगच आहे. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च त्यांच्या काळाची आठवण देते. परंतु पोर्तुगिजांची इथली सर्वांत टिकाऊ खूण पाहायला किल्ल्यात किंवा चर्चमध्ये जायला नको. स्थानकाबाहेरच्या कोणत्याही गाडीवर ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात मिळते. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज, 'पाव' हा शब्द पोर्तुगीज, आणि मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आलेली. वडापावातला 'वडा' आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ तेवढे आपले जुने. हे सारे एकत्र यायला मात्र पोर्तुगीज जाऊन दोनशेहून अधिक वर्षे लोटावी लागली. पावात वडा घालून विकण्याचे श्रेय सहसा दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास गाडी लावणाऱ्या अशोक वैद्यांना दिले जाते. म्हणजे साहित्य बंदराने आणले आणि पदार्थ स्थानकाने घडवला.

बंदराकडून स्थानकाकडे हा प्रवास ठाण्याइतका दुसऱ्या कोणत्या गावाने लख्खपणे केला असेल, असे वाटत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला थांबली. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणला पोचली. त्यानंतर या गावांनी हळूहळू खाडीकडे पाठ फिरवली आणि तोंड स्थानकाकडे केले. बंदराच्या गावात माणूस भरती-ओहोटीची वाट पाहतो आणि ती सहा-सहा तास चालते. स्थानकाच्या गावात माणूस चार मिनिटांची वाट पाहतो आणि तीही त्याला जाचक वाटते. अन्न या दोन्ही प्रतीक्षांत लागतेच, पण पहिल्या प्रतीक्षेत चूल मांडता येते आणि दुसरीत नाही.

आमचे महाविद्यालय ठाण्याला खाडीच्या बाजूस होते. चेंदणी कोळीवाड्यातून जाताना सुकवायला घातलेल्या मासळीचा वास येई आणि आमच्यातल्या काही मुली नाकाला रुमाल लावत. त्या वासाचा अर्थ आम्हाला तेव्हा कळत नव्हता. रेल्वेच्या कितीतरी आधीपासून जे गाव जेवत होते, त्या गावाचा तो वास होता. खाडीतली निवटी, खेकडे, कोलंबी, कालवे यांवर कोळीवाडे जगले. नंतर सांडपाण्याने आणि भरावाने खाडी आटत आणि काळवंडत गेली. आता ऐरोलीच्या बाजूला हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली त्या पट्ट्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत गेली. चिखलात चोच उलटी बुडवून तासन् तास निवांत जेवणारे ते गुलाबी पाहुणे पाहिले, की या शहरात सावकाश जेवण्याचा हक्क आता केवळ त्यांनाच उरला आहे की काय, असे वाटून जाते.

असो. याद्यांकडे वळू.

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला कुंजविहारचा मोठा वडापाव आणि त्यावर लस्सी, ही अनेक पिढ्यांची पहिली ओळख. विष्णुनगरातल्या गजानन वडापावची पिवळी, पातळ, बेसनाची चटणी हा एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. वडा हे ती चटणी खाण्याचे निमित्त, असे मानणारा एक संप्रदाय ठाण्यात आहे आणि मी त्याची सदस्य आहे. पाचपाखाडीतल्या प्रशांत कॉर्नरची मिठाई सणासुदीला रांगा लावून नेली जाते. तलावपाळीवर भेळ, मक्याचे कणीस आणि बर्फाचा गोळा यांना कोणत्याही एका विक्रेत्याचे नाव नसते. त्या ठिकाणी चव तलावाच्या वाऱ्याची असते आणि ती सगळ्या गाड्यांवर सारखीच.

यांत मामलेदार मिसळीविषयी थोडे सावकाश लिहिले पाहिजे, कारण तिच्या नावातच तिचा इतिहास आहे. मामलेदार म्हणजे आजचा तहसीलदार. कचेरीच्या शेजारचे हे उपाहारगृह स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झाले आणि लोकांनी त्याला कचेरीचे नाव देऊन टाकले. कचेरीत कोण येई? सातबाऱ्याचा उतारा, वारसाची नोंद, उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला यांसाठी शहापूर-मुरबाडच्या बाजूचा शेतकरी आपापल्या कचेरीतून जिल्ह्याच्या गावी पाठवला जाई, शहरातला भाडेकरू येई, वकिलाचा कारकून येई. 'साहेब जेवायला गेलेत, तासाभराने या' हे वाक्य ऐकून बाहेर पडलेल्या माणसाला त्या तासात काय करायचे असते? मिसळ हे त्या तासाचे उत्तर होते. स्वस्त, पोटभरीची आणि इतकी तिखट की समोरच्या प्रश्नाचा काही काळ विसर पडावा. तिथे आजही टेबल कुणाच्या एकट्याच्या मालकीचे नसते. जागा दिसेल तिथे बसायचे, समोरच्या अनोळखी माणसाच्या कपाळावरचा घाम पाहायचा, त्याने आपला पाहायचा. तिखट की मध्यम, एवढाच काय तो संवाद. त्या मिसळीच्या आता ठिकठिकाणी शाखा निघाल्या आहेत. चव जमते, शाखेला कचेरी मात्र जोडता येत नाही.

वाट पाहण्याचा दुसरा, सुसंस्कृत प्रकार म्हणजे नाटकाचे मध्यंतर. १९७८ साली तलावपाळीवर गडकरी रंगायतन उभे राहिले आणि ठाण्याच्या मध्यमवर्गाला खाण्याचे एक प्रतिष्ठित निमित्त मिळाले. मराठी नाट्यगृहातला मध्यंतराचा बटाटावडा हा खरोखर दोन अंकी नाटकाचा मधला अंक असतो. पहिल्या अंकाची समीक्षा त्याच्या साक्षीने होते, ओळखीपाळखी निघतात, 'तुमच्या मुलीचे कुठे जमले का?' हा संवाद याच अंकातला. माझ्या आईच्या पिढीतल्या अनेक स्त्रियांना चारचौघांत उभे राहून, हसत-बोलत, काहीतरी गरमागरम खाण्याची मुभा मिळाली ती या पंधरा मिनिटांत. वडापावच्या गाडीवर त्या उभ्या राहत नसत. नाट्यगृहाच्या छपराखाली तोच वडा सभ्य होत असे.

ठाण्याहून गाडी पुढे निघाली की मुंब्र्याचा डोंगर आणि उल्हास नदीची खाडी यांच्यामधून ती कल्याणकडे जाते. कल्याण हे जंक्शन आहे. इथून एक मार्ग कसाऱ्याकडे, नाशिकला जातो आणि दुसरा कर्जतवरून पुण्याला. त्यामुळे कल्याणच्या खाण्यात बाहेरगावचा माणूस नेहमीच हजर असतो. रात्री-अपरात्री उतरणारा, पुढच्या गाडीसाठी खोळंबलेला, बोचक्यांवर बसलेला. जुने कल्याण मात्र या धांदलीपासून थोडे दूर, दुर्गाडीच्या बाजूला आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि इथल्या खाडीवर मराठी आरमाराची पायाभरणी झाली. दुर्गाडीवर नवरात्रात आजही जत्रा भरते. दूधनाका, रेतीबंदर ही नावे अजून बंदराची आणि बाजारपेठेची आठवण राखून आहेत. त्या वस्तीतल्या कोकणी मुसलमान घरांत तांदळाची भाकरी आणि खाडीची मासळी यांचे जे नाते आहे, ते शेजारच्या कोळी आणि आगरी घरांतल्या नात्याहून फार वेगळे नाही. खाडीने जात-धर्म पाहून मासे दिले नाहीत.

कल्याणचे नाव खवय्यांच्या याद्यांत येते ते मुख्यतः खिडकी वड्यामुळे. नाव अगदी शब्दशः खरे आहे. राहत्या घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात झाली आणि खिडकीच दुकान झाली. मला या पदार्थापेक्षा ती खिडकी अधिक विचार करायला लावते. हॉटेलला दार असते आणि गिऱ्हाईक आत येते. गाडीला दारही नसते आणि खिडकीही नसते. पण घराच्या खिडकीतून खाद्यपदार्थ बाहेर येतो, तेव्हा घर आणि बाजार यांच्यामधली भिंत तशीच राहते, केवळ तिला एक हात जाईल एवढी फट पडते. आतली माणसे घरातच असतात, बाहेरची रस्त्यावरच. विकणाऱ्याला आपण 'हॉटेल काढले' असे म्हणवून घ्यावे लागत नाही आणि घेणाऱ्याला 'बाहेरचे खाल्ले' असे वाटत नाही. पांढरपेशा मराठी घराने व्यवसायात आणि बाहेरच्या खाण्यात पहिले पाऊल टाकले ते पुष्कळदा अशा खिडकीतून. ज्या शहरात ही भीड पूर्णपणे मोडायची होती, ते पुढच्याच काही मिनिटांवर होते.

डोंबिवलीला बंदराचा इतिहास नाही, राजधानीचा नाही, किल्ल्याचाही नाही. तिचा इतिहास म्हणजे गिरगाव-दादरच्या खोल्या अपुऱ्या पडल्यावर इथे सरकलेल्या कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी आणि परिचारिका यांचा इतिहास. १९२४ साली स्थापन झालेले गणेश मंदिर, त्याच्याकडे जाणारा फडके रोड, दिवाळीच्या पहाटे तिथे नव्या कपड्यांत जमणारी तरुणाई आणि १९९९ पासून निघणारी गुढीपाडव्याची शोभायात्रा ही डोंबिवलीची सार्वजनिक रूपे सर्वांना माहीत आहेत. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर खाल्लेला इडली-वडा किंवा प्यायलेली कॉफी अनेकांच्या विवाहाचे मूळ ठरली आहे, असे म्हणतात. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते फडके रोडच्याच आसपासच्या, पण सहसा कोणत्याही यादीत न येणाऱ्या ठिकाणांविषयी. मला पोळी-भाजी केंद्रांविषयी लिहायचे आहे.

डोंबिवलीत नोकरी करणारी स्त्री सकाळी साडेपाचला उठत असे. डबे, मुलांचे दप्तर, सासूबाईंची औषधे, आणि मग फलाटावर धाव. संध्याकाळी फोर्टातले कार्यालय सुटल्यावर पुन्हा धाव. १९९२ साली मध्य रेल्वेवर व्ही.टी. ते कल्याण अशी महिला विशेष गाडी सुरू झाली, तेव्हा त्या गाडीत बसायला जागा मिळालेल्या बायका मांडीवर पिशवी पसरून गवार मोडत, मटार सोलत, मेथी निवडत. रविवारच्या पुरवण्यांना हे दृश्य फार आवडते. लोकलमधले भगिनीमंडळ, हळदीकुंकू, डोहाळजेवण आणि निवडलेली भाजी. दृश्यात जिव्हाळा होता यात शंका नाही. परंतु ते दृश्य आधी कामाचे होते. दहा तास घराबाहेर राबलेली बाई प्रवासाचा तासही स्वयंपाकघराला देत होती, आणि दुसऱ्या एखाद्या गाडीने तिचा नवरा पत्ते खेळत किंवा झोपत घरी येत होता.

माझी आई या गाडीने येई. डोंबिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरल्यावर चिरलेल्या भाज्यांच्या पुड्या घेऊन बसलेल्या बायका असत. फरसबी, कोबी, सोललेले वाटाणे, कधी किसलेले ओले खोबरे. त्यांच्यापुढे दोन गल्ल्या सोडून एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर पोळी-भाजी केंद्र होते. पाटी अशी फारशी नव्हती. आत चार बायका लाटत, एक भाजत, एक मोजून देत. पोळ्या नगावर, भाजी वजनावर. आईचा रिकामा डबा तिच्या पर्समध्येच असे. कार्यालयातल्या नळाखाली तो घासून, पुसून ती आणत असे आणि त्याच डब्यात बारा पोळ्या घेऊन घरी येई. कागदात बांधून घेतल्या असत्या तर जिन्यातल्या शेजारणींना दिसल्या असत्या. स्टीलच्या डब्यातून गेलेल्या पोळ्या स्टीलच्या डब्यातूनच परत येत आणि आमच्या घरात 'विकतची पोळी' हा शब्द कित्येक महिने उच्चारला गेला नाही.

आजी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, जुन्या वळणाची. विकतचे जेवण म्हणजे घरात बाई नाही असे समजावे, हा तिचा सिद्धांत. एके संध्याकाळी ताटावर बसल्यावर तिने पोळीचा तुकडा मोडला, क्षणभर थांबली आणि आईला म्हणाली, "अगं, परवाची बाई बरी लाटायची. ही कडा जाड ठेवते. तिच्याकडूनच घेत जा." आई काही बोलली नाही. वडिलांना काही कळले नाही. त्यानंतर आई पोळ्या घरी आल्यावर डब्यातून काढून ठेवू लागली आणि त्या वेळात ती पलंगावर पाय वर घेऊन अर्धा तास बसू लागली. तिने तो अर्धा तास विकत घेतला होता. त्या अर्ध्या तासात ती कधी वाचत असे, कधी नुसती बसत असे. आमच्या घरातला तो मोठाच बदल होता आणि तो बारा पोळ्यांच्या किमतीत झाला.

पोळी लाटणाऱ्या बायकांचा हिशेब वेगळा होता आणि तोही सांगितला पाहिजे. त्यांच्यापैकी कुणाचा नवरा गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेला, कुणी विधवा, कुणी कोकणातून नुकतीच आलेली. येत होते तेवढेच काम त्यांनी बाजारात आणले. घरी जे फुकट करावे लागे, त्याचे इथे नगावर पैसे मिळत. एका बाईने दुसऱ्या बाईचा अर्धा तास विकत घेतला आणि त्या पैशातून दुसऱ्या बाईच्या मुलाची फी भरली गेली. या व्यवहारात दोघीही थकलेल्याच होत्या, आणि दोघींच्या घरातले पुरुष ताट वाढले जाण्याची वाट पाहत होते, हेही खरे. पोळी-भाजी केंद्राने स्त्रीचे ओझे कमी केले की ते फक्त एका खांद्यावरून दुसऱ्यावर ठेवले, हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. मला वाटते, दोन्ही झाले. पण ज्या कामाला आजवर किंमत नव्हती त्याला ती आली, आणि किंमत आल्यावर ते काम आहे हे निदान दिसू लागले.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. त्यानंतर स्थानकांच्या परिसरातल्या फेरीवाल्यांवरून मोठे वादंग माजले. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही त्याची केंद्रे होती. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. दीडशे मीटर म्हणजे साध्या चालीने दोन मिनिटे. आमचे सगळे खाद्यजीवन ज्या दोन मिनिटांत सामावले होते, नेमकी तीच ही दोन मिनिटे. याविषयी मत देणे सोपे नाही. मोकळा पूल आणि मोकळा रस्ता ही चैन नाही, तो जिवाचा प्रश्न आहे. चिरलेल्या भाजीची पुडी हीदेखील चैन नाही. आणि गंमत अशी की या दोन्ही गोष्टींची सर्वाधिक गरज एकाच व्यक्तीला असते: सायंकाळी सातच्या गर्दीत पर्स छातीशी धरून पूल उतरणाऱ्या बाईला. तिला चालायलाही जागा हवी आणि घ्यायला भाजीही. रस्ता कुणाचा, या वादात दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांत ती क्वचितच दिसली.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. दोन लसमात्रा घेतलेल्या सर्वसामान्य प्रवाशांना ती पूर्ववत खुली झाली ती १५ ऑगस्ट २०२१ रोजी. मधल्या काळात स्थानकाबाहेरच्या चुली विझल्या, कारण स्थानक असूनही नसल्यासारखे होते. घरोघरी वडे तळले गेले, मिसळी झाल्या, यूट्यूब पाहून पावसुद्धा भाजले गेले. वडा घरी उत्तम होतो, हे सगळ्यांना कळले. तरीही गाडी सुरू झाल्यावर लोक पुन्हा त्याच ठिकाणी जाऊन उभे राहिले. चव हे त्याचे एक कारण असेल. मला दुसरे कारण अधिक पटते. कार्यालयात आपण कुणाचे तरी हाताखालचे असतो आणि घरी कुणाचे तरी आई-बाप, सून, मुलगा असतो. या दोहोंच्या मध्ये, हातात गरम वडा धरून पदपथावर उभे असलेल्या माणसाला पाच मिनिटे कुणाचेच काही लागत नाही. उपनगरातले माणूस त्या पाच मिनिटांसाठी पैसे मोजते आणि वडा त्यावर फुकट मिळतो.

आणि म्हणूनच ही पाच मिनिटे कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हे विचारणे मला आवश्यक वाटते. आमच्या 'आवडत्या ठिकाणां'च्या याद्या प्रामुख्याने थांबू शकणाऱ्यांनी केल्या. मामलेदारची मिसळ, कुंजविहारचा वडा, कल्याणची खिडकी: ही ठिकाणे थोर आहेत, मी स्वतः तिथे आनंदाने जाते. आज तिथल्या गर्दीत मुलीही असतात, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या, एकट्या येऊन निवांत खाणाऱ्या, आणि त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. हा बदल लहान नाही. परंतु ज्या पिढीने तो शक्य केला, तिच्या आवडत्या ठिकाणी टेबल नव्हते, खुर्ची नव्हती, आणि पदार्थ तिथे खाल्लाच जात नसे. तो डब्यात भरून घरी न्यायचा असे.

आता पोळी-भाजी केंद्रांवर ठळक पाट्या असतात, मोबाइलवरून मागणी नोंदवता येते, थालीपीठ, मोदक आणि पुरणपोळ्याही मिळतात. रांगेत पुरुष उभे असतात आणि 'सहा घडीच्या, चार फुलके' असे स्पष्ट आवाजात सांगतात. कुणी डबा लपवत नाही. पाहुणे आले आणि त्यांनी इथले काय दाखवाल असे विचारले, तर मी त्यांना ठाण्याची मिसळ खाऊ घालीन, कल्याणच्या खिडकीपाशी नेईन, आणि मग संध्याकाळी सातच्या सुमारास डोंबिवलीच्या पूर्वेला अशा एखाद्या केंद्राच्या रांगेत उभे करीन. बारा पोळ्या घ्यायला तिथे साधारण दहा मिनिटे लागतात.